गेलेली माणसं, त्यांची कामं : २०२५

सायंतारा | २० मे २०२५

डॉ. जयंत नारळीकर गेले. आज पहाटे, पुण्यातल्या घरी, झोपेतच. येत्या १९ जुलैला ८७ पूर्ण झाली असती.

धागा त्यांच्यासाठी काढतेय, पण तो वर्षभर उघडा राहू दे. मोठं माणूस गेलं की ‘भावपूर्ण श्रद्धांजली’च्या ओळी येतात. त्यामागची भावना खरी असते. पण ज्याने ते नाव पहिल्यांदाच ऐकलंय त्याला त्यातून काहीच कळत नाही. म्हणून एक विनंती: जे गेले त्यांच्या कामातली तुम्हाला ठाऊक असलेली एक तरी गोष्ट नीट, सविस्तर लिहा. नट असो, शास्त्रज्ञ असो, चळवळीतला माणूस असो.

सुरुवात मी करते. जन्म कोल्हापूरचा, वाढले बनारसला. वडील विष्णु वासुदेव नारळीकर तिथल्या हिंदू विद्यापीठात गणिताचे विभागप्रमुख, आई सुमतीबाई संस्कृतच्या जाणकार. १९५७ मध्ये बी.एस्सी. होऊन केंब्रिजला गेले, १९५९ मध्ये रँग्लर झाले आणि फ्रेड हॉयल यांच्याकडे संशोधनाला लागले. १९६४ मध्ये हॉयल-नारळीकर सिद्धांत मांडला गेला. त्याचा गाभा असा की वस्तूला तिचं वस्तुमान विश्वातल्या बाकीच्या सगळ्या द्रव्यामुळे मिळतं. बाकीचं विश्व काढून घेतलं तर त्या एकट्या वस्तूच्या वस्तुमानाला अर्थ उरत नाही. मूळ कल्पना एर्न्स्ट माख या भौतिकशास्त्रज्ञाची, तिला गणिताचं रूप दिलं या दोघांनी. तेव्हा नारळीकर पंचविशीत होते. पुढच्याच वर्षी पद्मभूषण. चीनशी झालेलं युद्ध आणि नेहरूंचं जाणं यातून देश नुकताच सावरत होता. अशा वेळी केंब्रिजमधल्या या मुलाची बातमी लोकांनी डोक्यावर घेतली.

पण मला स्वतःला त्यांचं सर्वांत मोठं काम वाटतं ते आयुका. १९७२ मध्ये ते मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत परतले आणि १९८८ मध्ये पुणे विद्यापीठाच्या आवारात ही खगोलशास्त्राची आंतरविद्यापीठीय संस्था उभी राहिली. २००३ पर्यंत ते तिचे संचालक होते. आंतरविद्यापीठीय म्हणजे काय, तर लहान गावातल्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या प्राध्यापकालाही इथे येऊन राहता यावं, ग्रंथालय, संगणक, दुर्बिणींची निरीक्षणं वापरता यावीत आणि परत आपल्या वर्गात जाता यावं. संशोधन काही मोजक्या संस्थांत कोंडलं जाऊ नये, हा त्यामागचा आग्रह. आज देशभरातल्या कितीतरी विद्यापीठांत खगोलभौतिकी शिकवली जाते, त्यात या सोयीचा वाटा फार मोठा आहे.

गणितवेडा | २० मे २०२५

सायंताराताई, बरं केलंत.

त्यांच्या पोस्टकार्डांबद्दल लिहितो. शाळकरी मुलं वही पुढे करून सही मागायची, तेव्हा ते सांगायचे की विज्ञानातला एखादा प्रश्न पोस्टकार्डावर लिहून मला पाठव, उत्तराखाली माझी सही असेल. आणि उत्तरं खरोखर यायची. आमच्या शाळेतल्या एका मुलीला आलेलं कार्ड विज्ञानाच्या बाईंनी वर्गात वाचून दाखवलं होतं. तिने विचारलं होतं की सूर्य जळतो तर त्याला प्राणवायू कुठून मिळतो. सूर्य लाकडासारखा जळत नाही, तिथे हायड्रोजनचा हेलियम होतो, एवढं चारपाच ओळींत लिहिलेलं. आम्हाला आश्चर्य वाटलं ते त्या ओळी इतक्या सोप्या कशा याचं. नंतर स्वतः शिकवायला लागल्यावर कळलं, की चार ओळींत बरोबर लिहिणं चार पानांपेक्षा अवघड असतं.

आयुकात शनिवारी शाळांच्या मुलांसाठी व्याख्यानं व्हायची. २८ फेब्रुवारीला, विज्ञानदिनी, सगळी संस्था लोकांना खुली. आवारात पुलस्त्य नावाची मुलांची विज्ञानशोधिका आहे. ती पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून झाली आणि अरविंद गुप्तांनी तिथेच बसून टाकाऊ वस्तूंतून खेळणी करायला हजारो मुलांना शिकवलं. खगोलशास्त्राच्या संस्थेत काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे यांना जागा आहे, असं ठरवणारा संचालक लाभणं हे पुण्याचं भाग्य.

मधुमालती | २१ मे २०२५

मी त्यांना ओळखते ती कथांमधून. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा ठेवली होती. नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा लिहिली, पण नाव घातलं नारायण विनायक जगताप. स्वतःची आद्याक्षरं उलटी केलेली. परीक्षकांना अक्षर ओळखू येऊ नये म्हणून त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी ती आपल्या हाताने उतरवून काढली. कथेला पहिलं बक्षीस मिळालं! तोवर ते पद्मभूषण होते, देशभर नाव झालेलं होतं. नावावर कुठल्याही संपादकाने कथा छापली असती. तरी कथा कथा म्हणून टिकते का, हे त्यांना बघायचं होतं.

‘उजव्या सोंडेचा गणपती’ ज्यांनी वाचली नाही त्यांनी जरूर वाचा. एका बाजूची पट्टी म्हणजे काय, डावं-उजवं उलटलं तर काय काय होईल, हे मला भूमितीच्या पुस्तकातून कधीच कळलं नसतं. पानिपतात विश्वासराव वाचले असते तर, या कल्पनेवरची त्यांची कथा आता इंग्रजीतून देशभरच्या अकरावीच्या पुस्तकात आहे. माझ्या भाचीने ती बंगलोरला शाळेत वाचली आणि मला फोन करून विचारलं, मावशी, पानिपत म्हणजे नेमकं काय झालं होतं? तासभर बोलत होतो.

नदीकाठ | २१ मे २०२५

आदर पूर्ण आहे, पण एक गोष्ट लिहिल्याशिवाय चित्र अपुरं राहील. विश्वाची सुरुवात महास्फोटाने झाली हे नारळीकरांनी शेवटपर्यंत मान्य केलं नाही. १९६५ मध्ये पेन्झियास आणि विल्सन यांना आकाशाच्या सर्व बाजूंनी येणारं सूक्ष्मतरंग प्रारण सापडलं, ते महास्फोटाची खूण मानलं गेलं आणि हॉयल यांचा स्थिर विश्वाचा, म्हणजे विश्वाला सुरुवातच नाही असं मानणारा, सिद्धांत मागे पडला. १९९३ मध्ये हॉयल, बर्बिज आणि नारळीकर यांनी त्याला नवं, अर्धस्थिर रूप दिलं, तेही बहुतेक शास्त्रज्ञांनी स्वीकारलं नाही. मराठी वृत्तपत्रांत मात्र आज ‘महास्फोटाला आव्हान देणारे’ एवढंच छापून आलंय. आव्हान दिलं हे खरं, पण पुरावा दुसऱ्या बाजूने जमत गेला हेही वाचकाला सांगायला हवं. नारळीकरांनाच ते आवडलं असतं.

गणितवेडा | २१ मे २०२५

नदीकाठ, सहमत. त्यात एवढीच भर घालतो, की त्यांनी आपलं मत संस्थेवर लादलं नाही. पद्मनाभन, वरुण साहनी ही मंडळी महास्फोटाच्या चौकटीत काम करणारी, आणि त्यांना आयुकात आणलं गेलं ते नारळीकर संचालक असतानाच. वरच्याचं मत खालच्यांनी उचलून धरायचं, अशीच रीत असलेल्या आपल्या कितीतरी संस्था आपण पाहिल्यात. इथे विद्यार्थी सरांच्या सिद्धांताविरुद्ध सरांसमोर बोलू शकत होता.

आणि पुराव्याचा आग्रह त्यांनी फलज्योतिषालाही लावला. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीसोबत चाचणी घेतली होती. १०० हुशार मुलांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या, प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या ४० दिल्या आणि विचारलं, यातली हुशार मुलाची कुठली? २७ जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर निघाली ४६ टक्के, म्हणजे नाणं उडवून सांगितलं असतं तरी साधारण तेवढंच आलं असतं. निष्कर्ष २००९ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये रीतसर छापला. टीव्हीवर तावातावाने भांडण्यापेक्षा हा रस्ता मला फार मोलाचा वाटतो.

आजोळ | २२ मे २०२५

मंगलाताईंचं नाव वर एकदा आलंय, पण त्यांच्यावर स्वतंत्र लिहायला हवं. १७ जुलै २०२३ ला त्या गेल्या तेव्हा बहुतेक बातम्यांचा मथळा ‘नारळीकर यांच्या पत्नी’ असा होता, त्याचं मला फार वाईट वाटलं होतं. त्या स्वतः गणिती. मुंबई विद्यापीठाच्या एम.ए.ला पहिल्या, टाटा संस्थेत संशोधन, मग लग्न, केंब्रिज, तीन मुली, आणि मध्ये बरीच वर्षं गेल्यावर पीएच.डी. मुलांच्या मनातली गणिताची भीती जावी म्हणून त्यांनी मराठीत लिहिलं. बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असं संख्यावाचन २०१९ मध्ये आलं तेव्हा त्यांच्यावर विनोद झाले, विधानसभेपर्यंत विषय गेला. त्या शांतपणे सांगत राहिल्या की जोडाक्षरांनी भरलेले संख्याशब्द पाठ करताना लहान मूल अडखळतं, दाक्षिणात्य भाषांत ही अडचण येत नाही, आणि जुनी पद्धतही पुस्तकात ठेवलेलीच आहे. मी पहिली-दुसरीला शिकवते. माझ्या वर्गात ज्या मुलांच्या घरी मराठी बोलत नाहीत त्यांना त्या पद्धतीचा फायदा झालेला मी पाहिलाय.

रानजाई | १९ जून २०२५

काल सोलापुरात जंगलांवर लिहिणारे वनाधिकारी मारुती चितमपल्ली गेले. वय ९२. जन्म सोलापूरचाच, ५ नोव्हेंबर १९३२. याच वर्षी पद्मश्री जाहीर झाली होती.

मी गोंदिया जिल्ह्यातली, नवेगावबांधच्या जवळची, म्हणून मला हे लिहायचंच होतं. आमच्याकडचे तलाव कोहळी समाजाने बांधलेले, जुने मालगुजारी तलाव. लोक मामा तलाव म्हणतात. नवेगावचा बांध त्यातला सर्वांत मोठ्यांपैकी. चितमपल्ली इथे वनाधिकारी म्हणून आले आणि इथल्या माणसांकडून शिकत राहिले. कोइमतूरच्या वनमहाविद्यालयातून शिकून आलेला साहेब ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, डोंग्यात बसून पाणपक्षी बघतो, गोंड म्हाताऱ्याला झाडाचं नाव विचारून वहीत लिहून घेतो, हे आमच्या आजोबांच्या पिढीने पाहिलं. माधवराव पाटील डोंगरवार हे इथले त्यांचे सोबती. चितमपल्लींच्या पुस्तकांत माधवराव वारंवार भेटतात. माधवरावांनी आयुष्यभर डोळ्यांनी जमवलेलं ज्ञान चितमपल्लींनी लिहून ठेवलं नसतं, तर ते त्यांच्यासोबतच गेलं असतं.

नोकरीत कर्नाळा, नवेगाव, नागझिरा, मेळघाट. मेळघाट व्याघ्र प्रकल्पात ते उपसंचालक होते. निवृत्ती १९९० ची, आणि त्यानंतर तीस वर्षांहून जास्त काळ लेखन. २००६ मध्ये सोलापूरच्याच साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. जंगलात नोकरी केलेला माणूस त्या खुर्चीत बसलेला बघून आमच्या गावच्या वाचनालयात पेढे वाटले होते.

राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षिसप्ताह असतो. त्यातला ५ म्हणजे चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ म्हणजे सालीम अलींचा. पक्षिमित्रांनी तो आधीपासून चालवला होता, २०२० मध्ये सरकारने अधिकृत केला. शाळांतल्या शिक्षकांना हे सांगायला हवं, नाहीतर तारखा कुठून आल्या हे कोणालाच कळणार नाही.

सह्यभटक्या | १९ जून २०२५

चितमपल्लींच्या ‘रानवाटा’ या पुस्तकाने मला जंगलात नेलं, त्यामुळे हे लिहिताना जड जातंय. पण पक्षिनिरीक्षक म्हणून सांगतो, त्यांच्या लेखनातल्या काही नोंदी ऐकीव आहेत. प्राण्यांच्या औषधी वनस्पतींबद्दल, पक्ष्यांच्या अंतर्ज्ञानाबद्दल जे येतं त्यातलं सगळंच निरीक्षणाने सिद्ध झालेलं नाही. नव्या मुलांनी ते जसंच्या तसं शास्त्र म्हणून घेऊ नये. काही लोकसमजुतींमुळे प्राण्यांची शिकारही होते, हे आपण सगळे जाणतो.

रानजाई | २० जून २०२५

दादा, तुमचं म्हणणं मी मान्य करते. त्यांचा पक्षिकोश वापरताना मीही दुसऱ्या पुस्तकाशी ताडून बघते. पण मला त्यांच्याकडून जे हवं असतं ते वेगळं आहे. एका पक्ष्याला भंडाऱ्यात काय म्हणतात, मेळघाटातले कोरकू काय म्हणतात, फासेपारधी त्याला कसा ओळखतो, हे एकत्र दुसरं कोणी जमवलंय? आमच्या भागातली म्हातारी माणसं जाताहेत. सारस पक्षी महाराष्ट्रात आता आमच्याच भागात, धानाच्या बांध्यांवर, थोडेसे उरलेत. त्यांच्याबद्दल शेतकऱ्यांशी बोलताना मला शास्त्रीय नावाचा उपयोग होत नाही, गावातल्या गोष्टींचा होतो. ऐकीव आहे तिथे तसं लिहून नवी आवृत्ती काढावी, टिपा द्याव्यात, असं मला मनापासून वाटतं. ते काम तुमच्यासारख्या अभ्यासकांनी हाती घ्यावं.

सह्यभटक्या | २० जून २०२५

टिपांसह आवृत्तीची कल्पना पटली. प्रकाशकांना लिहून पाहतो.

खाडीपलीकडे | १९ ऑगस्ट २०२५

अच्युत पोतदार काल रात्री ठाण्यात गेले. २२ तारखेला ९१ वर्षांचे झाले असते.

सगळीकडे ‘थ्री इडियट्स’मधलं ‘कहना क्या चाहते हो’ फिरतंय. ते वाक्य त्यांचंच आणि कुणीही तसं म्हणू शकलं नसतं. पण त्याच्या मागे केवढं आयुष्य होतं! जबलपूरचा जन्म, रीव्याला प्राध्यापकी, मग सैन्यात, कॅप्टन म्हणून बाहेर. त्यानंतर इंडियन ऑइलमध्ये पंचवीस वर्षं नोकरी. पडद्यावर आले तेच चाळिशी ओलांडल्यावर, नोकरी सांभाळून, आणि मग सव्वाशेच्या वर हिंदी चित्रपट. बाप, प्राध्यापक, हेडमास्तर, पोलीस अधिकारी, न्यायाधीश. एक-दोन प्रसंगांची भूमिका असायची, पण त्या प्रसंगात माणूस खरा वाटायचा. मला वाटतं नोकरीत आणि सैन्यात बघितलेली माणसं त्यांना पुरली.

माझ्या आईला ते ‘माझा होशील ना’मधले आप्पा म्हणूनच माहीत. लॉकडाऊनच्या दिवसांत तिने ती मालिका एकही भाग न चुकवता पाहिली. पंच्याऐंशी ओलांडलेला नट रोज सेटवर येतोय याचंच तिला बळ वाटायचं. काल बातमी ऐकून ती बराच वेळ बोलली नाही.

मधुमालती | १ सप्टेंबर २०२५

प्रिया मराठे. ३८ वर्षं. कर्करोग.

‘चार दिवस सासूचे’पासून बघत आले होते. ‘तू तिथे मी’मधली तिची खलनायिका इतकी चोख होती की आमच्याकडे तिच्यावर चिडून बोलायचे. आज यापेक्षा जास्त लिहवत नाही.

निळासावळा | ५ ऑक्टोबर २०२५

काल संध्या शांताराम गेल्या. ‘पिंजरा’ १९७२ चा, म्हणजे आमच्या आईवडिलांच्या पिढीचा, पण गावच्या जत्रेत पडदा लावून दाखवायचे तेव्हा आम्हीही मातीत बसून पाहिलाय. ‘झनक झनक पायल बाजे’साठी त्यांना गोपीकृष्ण यांच्यासारख्या तयारीच्या नर्तकासमोर उभं राहायचं होतं आणि त्यासाठी त्यांनी नृत्य मेहनतीने शिकून घेतलं. ‘नवरंग’मध्ये एकाच नाचात पुरुष आणि बाई दोन्ही झाल्या. ‘दो आँखें बारह हाथ’मधली खेळणी विकणारी चंपा मला सर्वांत आवडते, कारण तिथे भपका काहीच नाही. त्यांच्या अभिनयाला अतिरंजित म्हणणारे बरेच आहेत. तो त्या काळच्या चित्रपटांचा आणि शांतारामबापूंच्या शैलीचा भाग होता, आणि त्या शैलीत त्या पूर्ण उतरल्या.

साबरमतीकाठी | २४ ऑक्टोबर २०२५

मी अहमदाबादची मराठी. परवा पुण्यात अंतराळशास्त्रज्ञ एकनाथ चिटणीस गेले, वयाची शंभरी पार करून. महाराष्ट्रातल्या बातम्यांत दोन ओळी आल्या, म्हणून सविस्तर लिहिते.

चिटणीसही कोल्हापूरचेच. विक्रम साराभाईंचे अगदी सुरुवातीचे सहकारी. अग्निबाण सोडायला चुंबकीय विषुववृत्ताजवळची जागा हवी होती, तेव्हा केरळच्या किनाऱ्यावर जाऊन जागा पाहणाऱ्यांत ते होते. थुंबा ठरलं. तिथलं चर्च कार्यालय झालं आणि २१ नोव्हेंबर १९६३ ला तिथून पहिला अग्निबाण उडाला.

पण मला त्यांचं दुसरं काम जास्त जवळचं वाटतं, ते म्हणजे ‘साइट’. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी उसना घेऊन सहा राज्यांतल्या २४०० गावांत थेट दूरचित्रवाणी पोचवली. ज्या गावांनी सिनेमाही पाहिला नव्हता तिथे कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा जाळीची मोठी तबकडी उभी राहिली आणि संध्याकाळी लोक शेती, आरोग्य, बालसंगोपन यांवरचे कार्यक्रम बघू लागले. संच बिघडला तर दुरुस्त कोण करणार, कार्यक्रम कुठल्या भाषेत, गावकऱ्यांना तो कळतो का, हे सगळं तपासणारी माणसं गावात राहत होती. त्या कार्यक्रमाची धुरा चिटणीसांवर होती. नंतर ते इथल्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरचे संचालक झाले, १९८५ मध्ये पद्मभूषण मिळालं. आमच्या कॉलनीत त्या काळी खेडोपाडी राहून आलेले काका होते. ते म्हणायचे, चिटणीससाहेब आधी विचारायचे की गावातली बाई टीव्हीसमोर कुठे बसली होती, पुढे की मागे?

गणितवेडा | ८ नोव्हेंबर २०२५

साबरमतीकाठी, फार छान लिहिलंत. त्याला जोडूनच एक बातमी: आयुकाचे दुसरे संचालक नरेश दधीच परवा बीजिंगमध्ये गेले. नारळीकर, अजित केंभावी आणि दधीच, तिघांनी मिळून ती संस्था उभी केली होती. सापेक्षतावादातलं त्यांचं काम मोठं आहेच, पण पुण्यातल्या लोकविज्ञान आणि सामाजिक चळवळींच्या लोकांनाही ते आपले वाटायचे. मे, ऑक्टोबर, नोव्हेंबर. अंतराळविज्ञानाला पुण्याशी जोडणारी तीन माणसं एका वर्षात गेली.

आजोळ | ११ नोव्हेंबर २०२५

कृपया लक्ष द्या. धर्मेंद्र यांच्याबद्दल सकाळपासून जे फिरतंय ते खोटं आहे. त्यांच्या मुलीने आणि हेमा मालिनी यांनी स्वतः सांगितलंय की ते आहेत आणि उपचारांना प्रतिसाद देताहेत. मोठमोठ्या वाहिन्यांनी आणि नेत्यांनीही श्रद्धांजली वाहून टाकली. आपल्या धाग्यावर असं काही टाकू नका. घरच्यांचं निवेदन येईपर्यंत थांबू. आजारी माणसाच्या मुलांनी फोनवर वडिलांच्या फोटोला हार बघायचा, यापेक्षा क्रूर काय असतं?

निळासावळा | २४ नोव्हेंबर २०२५

आज मात्र धर्मेंद्र खरंच गेले. ८ डिसेंबरला नव्वद झाले असते.

‘शोले’ सगळ्यांनाच आठवेल. मी ‘सत्यकाम’चं नाव घेतो. १९६९ चा चित्रपट, हृषीकेश मुखर्जींचा. खोटं बोलता न येणारा अभियंता आणि त्यापायी होणारी त्याची परवड. देखणा, दणकट नट म्हणून ज्याला सगळे ओळखत होते त्याने तिथे आवाज चढवला नाही, फक्त थकत गेला. बांधकाम खात्यात नोकरी केलेले माझे वडील तो चित्रपट लागला की उठून जायचे. त्यांना बघवत नसे.

नानापेठ | १० डिसेंबर २०२५

बाबा आढाव गेले. ९५ वर्षांचे होते. मी हमालाचा मुलगा आहे, त्यामुळे थोडं लांबेल.

बाबा आयुर्वेदाचे डॉक्टर. नाना पेठेत दवाखाना होता. दवाखान्यात येणारे हमाल एकाच प्रकारची दुखणी घेऊन यायचे: मान, कंबर, छाती. क्विंटलचं पोतं पाठीवर घेणाऱ्याला औषध काय देणार? गोळीने ते बरं होणार नाही हे ओळखून १९५५ च्या सुमारास त्यांनी हमाल पंचायत उभी केली. त्या वेळी पुण्याचा भुसार बाजार भवानी पेठ, नाना पेठेत होता. गुलटेकडीचं मार्केट यार्ड नंतरचं. हमालाला मालक नव्हता, म्हणजे कामाला शंभर मालक आणि जबाबदारीला एकही नाही. आज काम, उद्या नाही. पडला, हात मोडला, तर घरी.

१९६९ मध्ये महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. मुंबईत अण्णासाहेब पाटलांचा लढा होता, पुण्यात बाबांचा. हा कायदा काय करतो ते तरुणांना माहीत नसतं म्हणून सांगतो. व्यापारी आणि हमाल दोघांची माथाडी मंडळाकडे नोंद होते. व्यापारी मजुरी मंडळात भरतो आणि तिच्यावर लेव्ही, म्हणजे ठरावीक जादा रक्कमही, भरतो. मजुरी मंडळातून हमालाच्या हातात येते, लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजेचा पगार, बोनस. ज्याला मालकच नाही त्याला पेन्शनसारखी गोष्ट मिळते. माझ्या वडिलांनी काम सोडलं तेव्हा जे पैसे आले त्यातून आमचं घर झालं. पोत्याचं वजन पन्नास किलोवर आणा, ही मागणीही बाबांनी वर्षानुवर्षं लावून धरली.

हमालांना बाजारात स्वस्त आणि ताजं जेवण मिळावं म्हणून सत्तरच्या दशकात ‘कष्टाची भाकर’ सुरू झालं. सरकारी झुणका-भाकर केंद्रं आली ती त्यानंतर वीसेक वर्षांनी. आमच्या ओळखीतल्या कितीतरी बायकांचे संसार तिथल्या भाकऱ्या थापून चालले.

कासारआळी | १० डिसेंबर २०२५

नानापेठ, तुम्ही लिहिलंत ते पुण्याचं. पुण्याबाहेर बाबा आठवतात ते ‘एक गाव एक पाणवठा’साठी. १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे ते गावोगाव हिंडले. विचारायचे एवढंच: गावच्या विहिरीवर दलितांना पाणी भरू देता का? आमच्या सातारा जिल्ह्यातल्या गावात सभा झाली तेव्हा माझी आई लहान होती. ती सांगते, सभेत सगळे म्हणाले, हो, भरू देतो. बाबा म्हणाले, मग चला, आत्ता जाऊ. निम्मी सभा जागची हलली नाही. आणि तरी विहिरीवर गेलेच.

सत्यशोधक परंपरा ते जगले. नामांतरासाठी तुरुंगात गेले, देवदासींसाठी लढले. कचरावेचक बायकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये झाली तिचे अध्यक्ष बाबा. त्या बायकांना महापालिकेने मान्य केलेलं ओळखपत्र मिळालं. त्याआधी पोलीस त्यांना चोर म्हणून पकडायचे.

नदीकाठ | ११ डिसेंबर २०२५

गेल्या वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस, चौऱ्याण्णवाव्या वर्षी, ते फुले वाड्यात तीन दिवस उपोषणाला बसले होते. निवडणुकीतला पैसा, मतदानयंत्रं यांबद्दलचा आक्षेप होता. मतदानयंत्रांबद्दलचं त्यांचं म्हणणं मला पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. पण सत्तेतले आणि विरोधातले, दोन्हीकडचे नेते त्या अंगणात येऊन त्यांच्यासमोर बसले. त्या वयात हा माणूस कोणाकडून काही मागत नव्हता, म्हणून प्रत्येकाला ऐकून घ्यावं लागलं.

नानापेठ | १२ डिसेंबर २०२५

मीही तिथे होतो. गर्दीत निम्मे रिक्षावाले, हमाल आणि कचरावेचक बायका होत्या. त्या स्वतःचा रोज बुडवून आल्या होत्या.

सायंताराताई, एक काम सुचवतो. बाबांसोबत पहिल्या फळीत काम केलेले हमाल आता ऐंशीच्या पुढचे आहेत. त्यांच्या आठवणी कोणी नोंदवलेल्या नाहीत. मी जानेवारीपासून दर रविवारी मार्केट यार्डात बसून फोनवर ध्वनिमुद्रण करणार आहे. तेलुगू आणि कानडी बोलणारेही काही आहेत, ते ऐकून मराठीत उतरवणारं कोणी हवंय.

रानजाई | १२ डिसेंबर २०२५

माझे यजमान सोलापूरचे, घरी तेलुगू बोलतात. त्यांना विचारलं, हो म्हणाले. ध्वनिफिती व्हॉट्सॲपवर पाठवू नका, आवाज खराब होतो; ड्राइव्हवर टाका आणि दुवा खासगी निरोपात पाठवा. फक्त प्रत्येक फितीच्या सुरुवातीला बोलणाऱ्याचं गाव आणि कुठल्या सालापासून हमाली केली एवढं त्यांच्याच तोंडून घ्या.

साबरमतीकाठी | १३ डिसेंबर २०२५

कानडी मी करते. माझं माहेर जतचं.